स्लॅबचं जेवण

पंचफुलानं शाळेचे पैसे खाल्ले असं ज्याले म्हणायचं असन, त्यानं माझ्या चुलीपाशी येऊन म्हणावं. राखेची टोपली तोंडावर नाई टाकली तर अन्नपूर्णा नाव सांगणार नाई. तुम्ही म्हणसान, अन्नपूर्णाबाईची अन् तिची मैत्री असन. कायची मैत्री! माझ्या वांग्याच्या वावरात ती तोडणीले येते अन् तोडता तोडता मलेच हुकूम सोडते. "हे झाड उपटा, ते ठेवा, इकडं पाणी काऊन नाई देल्लं?" मालकीण मी का ती, हेच समजत नाई. आमचं भांडण होते, बोलणं बंद होते, अन् पुढच्या तोडणीले बाई पदर खोचून हजर. तरी खरं ते खरं.

पंचफुला इंगळे म्हणजे उंच, काटक, अन् आवाज असा की या बांधावरून बोलली तर त्या बांधावरचं कुत्रं उठून बसते. नवरा सुरतेले कामाले गेला तो तिकडचाच झाला. मागं राह्यली लेक, समता, आता चौथीत. कापसाच्या दिवसात वेचणी, बाकीच्या दिवसात कोणाच्या ना कोणाच्या बांधकामावर घमेले वाहणं, यावर दोघी जगतात. माहेरी पंचफुलाच्या शाळेले खोली नव्हती. पोरं झाडाखाली बसत. पाऊस आला की सुट्टी, ऊन तापलं की सुट्टी. "म्हणून मी दुसरीतच म्हातारी झाली," असं ती म्हणते अन् स्वतःच खदाखदा हसते. पण तवा समताचा वर्ग गळायचा, त्यावर मात्र हसायची नाई.

शाळेच्या समितीले पालकातला अध्यक्ष लागते, अन् त्या खेपेले बाई पाहिजे होती. आमचे मोठे गुरुजी अर्जुनराव, रोज शेगावहून मोटरसायकलवर यायचे. त्यांनीच पंचफुलाचं नाव सुचवलं. गाव म्हणे, पाहा, गुरुजीचं मन किती मोठं! मन कायचं? माझ्याकडून वांगे घेता घेता मलेच हसून सांगतलं त्यांनी, "अन्नपूर्णाबाई, अध्यक्ष गरीबच बरा. बोट ठेवलं तिथं सही करते, वर चहाही मागत नाही." त्या दिवशी मी त्यांले किडके वांगे निवडून देल्ले.

पंचफुलाले हे कुठं ठाऊक! तिले वाटलं, शाळा आपली झाली. कामावर जायच्या आधी रोज शाळेपाशी चक्कर. कुलूप उघडलं का, नळाले पाणी आहे का, खिचडीचे तांदूळ निवडले का. एकदा प्रार्थनेची वेळ टळून गेली तरी कुलूप तसंच. ही पोरांसंगं पायरीवर बसून राह्यली. गुरुजी आले तवा म्हणे, "गुरुजी, मी वावरात उशिरा गेली तर अन्नपूर्णाबाई अर्धा रोज कापतात. तुमचा कोण कापते?" कापतो मी. कापू नये का? पण पोरं हसली. गुरुजीही हसले, अन् त्या दिवसापासून तिच्याशी त्यांचं बोलणं बदललं.

मंग नवी खोली मंजूर झाली. सरकारनं पैसे पाठवले ते समितीच्या खात्यात. म्हणजे कागदावर खोली बांधणार समिती, सही करणार अध्यक्ष अन् गुरुजी. अन् खरं बांधणार कोण? मलकापूरचा शेखर ठेकेदार, सरपंचाचा साडू. गुरुजी बोट ठेवत गेले, पंचफुला सही करत गेली. सही ती नव्यानंच शिकली होती, जीभ दातात धरून करायची. खोली उभी राहून राह्यली ना, मंग अजून काय पाहिजे, असं तिचं. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, ते असं.

आता स्लॅबच्या दिवसाचं ऐका, कारण आग तिथूनच लागली. आमच्याकडं घराचा स्लॅब पडते त्या दिवशी घरधनी मजुरांले जेऊ घालते. गरीब असो का श्रीमंत, ठेकेदारानं मजुरी कितीही देवो, जेवण घरधन्याचंच. नाई देल्लं तर छताले तळतळाट लागते म्हणतात. आता शाळेच्या खोलीचा घरधनी कोण? सरकार. सरकार काय रोडगे भाजायले येते? हा विचार कोणाच्या डोक्यात आलाच नाई. पंचफुलाच्या आला. "अध्यक्ष मी आहो," म्हणे, "तर जेवण माझ्याकडून. जन्मभर दुसऱ्याच्या स्लॅबवर जेवली मी. एक डाव मलेही वाढू द्या." समताच्या पुढच्या शाळेसाठी पाळलेलं बोकड तिनं नांदुऱ्याच्या बाजारात विकलं अन् माझ्याकडं आली. "रोडगे तुम्ही करा. वांगे तुमचेच घेतो, पण फुकट नाई घेत."

रोडगे म्हणजे आमच्या भागातली पंगत. जाड्या पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यात, भाजायचे, राख झाडायची, अंगठ्यानं फोडून वरून तूप सोडायचं, संगं वांग्याची झणझणीत भाजी. गावात पंगत कोणाचीही असो, आर माझाच. त्या दिवशी बौद्धवाड्यात, तिच्या अंगणात मी आर पेटवला. मजूर जेवले, निम्मं गाव जेवलं, पोट्टे तर दोन-दोनदा बसले. शेखर ठेकेदार म्हणे, "पोट बरं नाई." गुरुजी म्हणे, "आज माझा उपास." अहो, तो मंगळवार होता! गुरुजीचा उपास गुरुवारचा, गजानन महाराजांचा, हे गावातल्या शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत. पंचफुलाच्या अंगणातला रोडगा कोणत्या उपासाले चालत नाई, तेही सगळ्यांले माहीत. त्या दोघांसाठी मांडलेल्या पत्रावळी पंचफुलानं उचलून आत ठेवल्या. अन् गुरुजीनं काय करावं? बाजूले उभं राहून मोबाईलवर तिचा वाढतानाचा फोटो काढला. "वा, अध्यक्षीणबाई! खोलीची मालकीण शोभता!" ती लाजली, पदर नीट केला, अन् म्हणे अजून एक काढा.

त्या स्लॅबनं दोन पावसाळेही धड काढले नाई. सकाळी पोरं अंगणात प्रार्थनेले उभी होती तवा आतून धाडकन् आवाज झाला. छताचा मधला भाग खाली, धूळ दारातून बाहेर. समताची बसायची जागा बरोब्बर त्याच्याखाली. प्रार्थना लांबली म्हणून पोरं वाचली. अन् कोणी मेलं नाई, म्हणून कोणाले घाईही नव्हती. गुरुजी म्हणे, वरती पाणी साचलं असन. सरपंच म्हणे, पाहू. शेखर ठेकेदार फोनच उचले नाई.

पंचफुलानं समताचं चिरडलेलं दप्तर उचललं अन् बुलढाण्याले मोठ्या साहेबांकडं तक्रार द्यायले निघाली. एस.टी.च्या थांब्यावर सरपंच आडवा आला. "काऊन वं गावाची इज्जत घालवते?"

"इज्जत छतासंगंच पडली," म्हणे, अन् चढली गाडीत. मले अभिमान वाटला, खोटं काऊन बोलू. वाटलं, आता एकेकाचं धोतर सुटते.

सुटलं ते भलत्याचंच. चौकशीले तालुक्याहून साहेब आले. तरणेताठे, कडक इस्त्रीचा सदरा. चहा गुरुजीचा, बिस्किटं सरपंचाची. पडलेल्या स्लॅबकडं त्यांनी दारातूनच पाह्यलं, बूट खराब होतात म्हणून असन. मंग व्हरांड्यात टेबल मांडून पंचफुलाले पुढं उभं केलं, अन् तिच्यासमोर मोबाईल धरला. तोच फोटो.

"हे जेवण तुम्ही दिलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"हाव साहेब. स्लॅबचं जेवण होतं ना."

"स्लॅबचं जेवण कोण देतं, बाई?"

"ज्याचं घर असते तो देते."

"म्हणजे काम तुम्हीच करून घेत होतात."

ती चपापली. "मी अध्यक्ष होती ना साहेब, म्हणून..."

"मोलमजुरी करता ना तुम्ही? मग अख्ख्या गावाला जेवू घालायला पैसा कुठून आला?"

"बोकड विकलं."

साहेब गुरुजीकडं पाहून हसले. माझ्यानं राहवलं नाई. मी पुढं झाली अन् म्हटलं, "साहेब, ते बोकड मी पाह्यलं आहे. माझ्याच वांग्यात शिरून खायचं मेलं. वांगे माझे, रोडगे माझ्या हातचे. माझा जबाब लिहा."

"तुम्हाला विचारलंय का? विचारलं तर सांगा."

अन् ज्याले विचारलं त्यानं काय सांगतलं? एकेक जण टेबलापुढं आला. "जेवलो साहेब." "हाव, पंचफुलानंच देल्लं." "पोटभर देल्लं." खोटं एकही बोलला नाई, हेच तर दुखणं! जेवण कोणी देल्लं एवढंच साहेबांले पाहिजे होतं, तेवढंच सगळ्यांनी देल्लं. सिमेंट कोणी खाल्लं हे साहेबांनी विचारलं नाई अन् कोणी आपणहून तोंड उघडलं नाई. गुरुजीले तर जेवणाचंही विचारता येईना, ते उपाशी होते ना! शेखर ठेकेदाराचं नावच कुठं नव्हतं. माल समितीनं आणला, मजूर समितीनं लावले, सगळं असंच. चोर सोडून संन्याशाले फाशी. मले असा राग आला की ते बिस्किटाचं ताट उचलून साहेबांच्या सदऱ्यावर फेकावं. फेकलं नाई, त्याचा राग अजून आहे.

शेवटी साहेबांनी पंचफुलाचा जबाब लिहिला अन् वाचून दाखवला. "सदर काम मी स्वतः करून घेतले असून मजुरांना भोजनही मीच दिले. देखभालीअभावी छत कोसळले." खाली सही केली की वसुली तिच्यावर अन् गुन्हाही तिच्यावर. तक्रार करायले गेली तीच, आरोपी झाली तीच! अन् तिच्याकडून वसूल करायले आहे काय? पत्र्याचं घर अन् समता. पंचफुलानं पेन हातात घेतलं, जीभ दातात धरली, अन् पेन खाली ठेवलं.

"नाई करत सही."

साहेब उठले. "गुरुजींच्या निरोपाला मी येणारच आहे. तोवर विचार करा. त्या दिवशीही सही केली नाही, तर पुढचं पोलीस बघतील."

गुरुजी त्याच महिन्यात रिटायर होऊन राह्यले होते. अध्यक्षावर ठपका आला की चौकशी मिटली, चौकशी मिटली की गुरुजीची पेन्शन मोकळी. सगळं कसं जुळवून आणलं होतं, पाहा.

निरोपाची पंगत ठरली. रोडगे, वांग्याची भाजी, शिरा. सरपंचाचा निरोप आला, आर तुमचाच पाहिजे. असा संताप आला! मी नाई सांगायले निघालीच होती, तेवढ्यात पंचफुला वावरात आली. रडून आली असन असं वाटलं, पण डोळे कोरडे होते. ओच्यात काहीतरी जड बांधलेलं. सोडलं, तर पडलेल्या स्लॅबचे तुकडे.

"हे कायले आणलं वं?"

"हातात तर घ्या."

घेतला एक. तळहातावर घोळला तर कोपरे आपोआप झडले अन् हातात गोल गोळा राह्यला. सिमेंट नावाले, बाकी सगळी रेती. याच्याखाली पोरं बसत होती! ती म्हणे, "अन्नपूर्णाबाई, राखेतून काढला तर रोडगा अन् हा ओळखू येईन का?"

मी तिच्याकडं पाह्यलं. मंग मले असं हसू सुटलं की पोट दुखलं. "पंचफुले," म्हटलं, "आता नाई सांगत मी सरपंचाले. तू फक्त गोवऱ्या जास्तीच्या आण."

निरोपाच्या दिवशी शाळेच्या अंगणात मंडप पडला. हार, नारळ, शाल, भाषणं. पडलेल्या खोलीपुढं रंगीत पडदा लावला होता, फोटोत येऊ नये म्हणून. सरपंच म्हणे, गुरुजीनं हे गाव घडवलं. गुरुजी डोळे पुसून राह्यले. खायले काळ अन् भुईले भार, पण डोळे पुसायले सगळ्यात पुढं.

पहिली पंगत पाहुण्यांची. साहेब, गुरुजी, सरपंच, अन् इतके दिवस तोंड न दाखवलेला शेखर ठेकेदार, चौघं ओळीनं बसले. साहेबांची बॅग मांडीपाशीच, जबाब त्यात. मी आरातून रोडगे काढले, पोत्यात घोळून राख झाडली. ते चार गोळे वेगळ्या टोपलीत ठेवले अन् टोपली पंचफुलाच्या हातात देल्ली. ती वाढायले येऊन राह्यली हे पाहून गुरुजीची मान ताठ झाली. पण करतात काय? बाजूले साहेब, समोर सगळ्या पोट्ट्यांचे मोबाईल. चार लोकांत कोणाच्या हातचं नको म्हणायची सोय आता राह्यली नाई.

"गुरुजी, आज उपास नाई ना?" पंचफुलानं विचारलं. "आज गुरुवार नाई. मंगळवारही नाई."

गुरुजी कसेबसे हसले. चौघांच्या पत्रावळीत एकेक गोळा पडला. मी तुपाची वाटी घेऊन मागं उभी. "फोडा साहेब, गरम आहे तोवर. तूप सोडतो."

साहेबांनी कधी रोडगा खाल्ला असन का? अंगठा रोवला, दोन बोटांनी दाबला, अन् गोळा फुटला. फुटला कायचा, सांडला. पत्रावळभर रेती अन् मधात एक गिट्टी. साहेब बोटांकडं पाहत राह्यले. गुरुजीनंही आपला फोडला होता, त्यांचाही हात रेतीनं भरला. शेखर ठेकेदारानं मात्र गोळ्याले हातच लावला नाई. त्यानं माल ओळखला.

"हे काय आहे?" साहेब ओरडले.

"स्लॅबचं जेवण," पंचफुला म्हणे. आवाज मंडपाबाहेर गेला. "त्या दिवशी या दोघांच्या पत्रावळी तशाच राह्यल्या होत्या. तुम्ही म्हणता मी खाल्लं. मी एकटी कशी खाईन साहेब? हे तर पंगतीत बसून खावं लागते. घ्या. आर अन्नपूर्णाबाईचा आहे, माल शेखरभाऊचा."

मागून कोणीतरी हसलं. मंग सगळेच हसले. तेच, जे टेबलापुढं "जेवलो साहेब" म्हणून गेले होते. मले त्यांच्या हसण्याचाही राग आला, सांगून ठेवतो.

पंचफुला हसली नाई. "काढा तो जबाब," म्हणे. "करतो मी सही. पण आधी त्यात एक ओळ लिहा. शाळेचा स्लॅब साहेबांनी दोन बोटांनी फोडला. एवढे मोबाईल पाहून राह्यले, खोटं होणार नाई. लिहा, अन् आणा पेन."

साहेबांचा हात बॅगेकडं गेला. बॅगेले रेती लागली तसा हात मागं आला. तो कागद त्या दिवशी बाहेर निघाला नाई, अन् आजपर्यंत निघाला नाई. पोलीसही आले नाई. पण म्हणून शेखर ठेकेदारावर गुन्हा झाला म्हणता? छ्या! त्याले शेजारच्या गावच्या शाळेचं काम भेटलं. चौकशी चालू आहे म्हणतात. समताचा वर्ग व्हरांड्यात बसते, अन् पाऊस आला की सुट्टी. एवढंच की चौकशी मिटली नाई, म्हणून गुरुजीची पेन्शनही तिथंच अडकली. पंचफुलानं बुलढाण्याले दुसरी तक्रार देल्ली आहे. या खेपेले तिच्यासंगं मीही गेली होती, अन् गाडीत खिडकीवरून आमचं भांडण झालं.

त्या पंगतीचं एक सांगायचं राह्यलं. साहेब बॅग उचलून गाडीकडं निघाले, सरपंच त्यांच्यामागं धावला. गुरुजी तसेच पत्रावळीपुढं बसून. गळ्यात हार, खांद्यावर गावानं देल्लेली शाल, अन् रेतीनं भरलेला हात माझ्याकडं केलेला.

"अन्नपूर्णाबाई, हातावर पाणी घाला."

तांब्या माझ्यापाशीच होता. पंगतीले बसलेल्या माणसाले मी जन्मात कधी पाणी नाई म्हटलं नाई. मी तांब्या उचलला अन् पंचफुलाच्या हातात देल्ला.

"तिले मागा," म्हटलं.

पंचफुला तांब्या वाकवून त्यांच्यासमोर उभी राह्यली. पाणी अगदी काठाशी आलेलं. गुरुजीनं तिच्याकडं पाह्यलं, तांब्याकडं पाह्यलं, अन् गावाच्या शालीलेच हात पुसून उठले.